राजपुत्राचे चोपन्न दिवस

राजघराण्यातून जपानला आजवर एकच पंतप्रधान लाभले आणि त्यांची कारकीर्द सर्वांत अल्प, म्हणजे अवघ्या ५४ दिवसांची ठरली. राजपुत्र नारुहिको हिगाशिकुनी यांच्याविषयी वाचताना मला मात्र या ५४ दिवसांइतकाच, हे पद त्यांना चार वर्षे आधी का नाकारले गेले हा प्रश्न खिळवून ठेवतो.

१८८७ साली क्योटो येथे जन्मलेले हिगाशिकुनी सम्राट मेइजी यांचे जावई. लष्करी शिक्षणासाठी १९२० मध्ये फ्रान्सला गेले आणि तिथल्या मोकळ्या राहणीत व वेगवान मोटारींत इतके रमले, की जपानमधील १९२३ च्या भूकंपात त्यांचा सहा वर्षांचा मुलगा मोरोमासा दगावला तरी ते परतले नाहीत. (इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.) सम्राट ताइशो यांच्या निधनानंतर, १९२७ मध्ये, ते अखेर मायदेशी आले. पुढे १९३८ मध्ये चीनमधील वुहान मोहिमेत त्यांनी जपानच्या ‘सेकंड आर्मी’चे नेतृत्व केले आणि १९३९ मध्ये ते जनरल झाले.

ऑक्टोबर १९४१ मध्ये पंतप्रधान कोनोए पायउतार झाले, तेव्हा त्यांच्या जागी हिगाशिकुनींचे नाव सुचवणाऱ्यांत खुद्द युद्धमंत्री तोजो होते, कारण युद्धाचा निर्णय फिरवायचा झाल्यास लष्कर ऐकेल ते राजपुत्राचेच, असा त्यांचा हिशेब होता. सम्राट हिरोहितो यांचे सल्लागार कोइची किदो यांनी हे नाव हाणून पाडले. राजपुत्र पंतप्रधान असताना युद्ध पेटले, तर लोकांचा रोष थेट राजघराण्यावर येईल, अशी त्यांना धास्ती होती. पंतप्रधानपद तोजोंकडे गेले आणि दोन महिन्यांच्या आत पर्ल हार्बरवर हल्ला झाला.

युद्धाच्या ठपक्यापासून जे नाव जपून ठेवले, तेच ऑगस्ट १९४५ मध्ये पराभव पचवण्यासाठी पुढे करण्यात आले. देशात आणि परदेशांत पसरलेल्या लाखो सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवावीत, यासाठी सम्राटांच्या आप्ताचाच शब्द हवा होता, आणि ते काम बऱ्याच अंशी साधलेही. मात्र २८ ऑगस्टला, पराभवाची कारणे सांगताना, साऱ्या राष्ट्राने मिळून पश्चात्ताप करावा असे आवाहन त्यांनी केले, ते मला पटत नाही. सगळेच दोषी ठरले की कोणा एकाला जाब विचारता येत नाही, आणि जनरलपदावरील माणसाच्या तोंडी ही भाषा फारच सोयीची होती.

सप्टेंबरअखेर त्यांच्या सरकारची मर्यादा उघडी पडली. ढिल्या गणवेशात कमरेवर हात ठेवून उभे असलेले, जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल मॅकआर्थर आणि शेजारी औपचारिक पोशाखात ताठ उभे असलेले सम्राट हिरोहितो, हे छायाचित्र छापणारी वृत्तपत्रे गृहखात्याने रोखली. अमेरिकनांनी ती बंदी उठवली. ४ ऑक्टोबरला राजकीय कैद्यांची सुटका आणि गृहमंत्र्यांची हकालपट्टी करण्याचा आदेश आला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

१९४७ मध्ये राजघराण्याच्या अकरा शाखांचा दर्जा गेला, त्यांत हिगाशिकुनींचीही होती. टोकियोतील शिंजुकू भागात त्यांनी खाद्यवस्तूंचे दुकान थाटले, जुन्या वस्तूही विकल्या, पण धंदा काही जमला नाही. १९५० मध्ये काढलेला स्वतःचा पंथही सरकारने चालू दिला नाही. १९९० च्या जानेवारीत, वयाच्या १०२ व्या वर्षी ते वारले. ज्या सम्राटांसाठी त्यांनी ते पद स्वीकारले होते, ते हिरोहितो वर्षभर आधीच गेले होते.