थुंकीवरून शुगर सांगतात म्हणे
मामेभावाने ऑनलाइन किट मागवलं, नळीत थुंकी भरून पाठवली, दीड महिन्याने पीडीएफ आली, डायबेटिसचा धोका 'सरासरीपेक्षा जास्त', झालं, मामीने साखरेचा डबाच माळ्यावर टाकला. मला हसू आलं, पण म्हटलं बघू तरी हा आकडा काढतात कसा. तर थुंकीतल्या डीएनएमध्ये हजारो जागी ए, टी, जी, सी यातलं कुठलं अक्षर आहे ते बघायचं, प्रत्येकाला बारीकसं वजन द्यायचं आणि बेरीज मारायची, तोच स्कोअर. (स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेल्या बीआरसीए१ जनुकाचं प्रकरण वेगळं, तिथे एकच बिघाड भारी पडतो.) खरी गोम त्या वजनांत आहे, ती बहुतेक युरोपियन लोकांच्या डेटावरून काढलेली. उंचीचंच घ्या ना, २०२२ मध्ये ५४ लाख लोकांचा अभ्यास आला, उंचीशी जोडलेल्या १२,१११ जागा सापडल्या, युरोपियन वंशाच्या लोकांत उंचीतला ४० टक्के फरक त्यावरून सांगता येतो, बाकीच्यांत मात्र १० ते २० टक्केच. मग आमच्या सोलापूरच्या माणसाला तो स्कोअर कितपत लागू पडणार? आणि आजोबांना शुगर, मामांना शुगर, हे तर थुंकीशिवायच माहीत होतं की! मामी अजून चहा बिनसाखरेचाच देते, पाहुण्यांनासुद्धा.