रोजचा भरणा आणि मटाटू

मी नैरोबीत हिशेबनिसाचं काम करते. माझ्या एका अशिलाची 14 आसनी मटाटू, म्हणजे खासगी प्रवासी व्हॅन, इथल्या न्गाँग रोडवर धावते. चालक-वाहकाला पगार नाही. रोज संध्याकाळी मालकाला ठरलेला भरणा द्यायचा, इंधन गल्ल्यातूनच टाकायचं, उरेल ते दोघांचं. म्हणून सीट भरेपर्यंत गाडी स्टँडवरून हलत नाही आणि पाऊस आला की भाडं वाढतं. लोक चिडतात, साहजिकच आहे. पण बोटांत उभ्या घडीच्या नोटा धरून दाराला लटकणारा तो पोरगा तरी काय करणार? कोंडीत फेऱ्या बुडाल्या, तरी भरणा तेवढाच.

2004मध्ये केनियाचे तेव्हाचे वाहतूकमंत्री जॉन मिचुकी यांचे नियम लागू झाले: सीटबेल्ट, पिवळा पट्टा, ताशी 80 किलोमीटरची मर्यादा. चालक-वाहकाला मासिक पगार द्या, असंही त्यात होतं. तेवढं मात्र बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिलं, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं!

अशिलाला मी पगाराचा हिशेब मांडून दाखवला. तो म्हणाला, "मी एकट्याने पगार सुरू केला, तर मागची गाडी माझे प्रवासी पळवेल." खरंय त्याचं. सगळ्या सॅकोनेच, म्हणजे मटाटू मालकांच्या सहकारी संस्थेनेच, एकत्र ठरवायला हवं. पुढच्या बैठकीला कागद घेऊन मीही जाणार आहे.