जुन्या केजे-६६ टर्बाइनला पुन्हा चालते करताना

मॉडेल विमानांची जेट इंजिने आज दुकानात तयार मिळतात, पण नव्वदीच्या दशकात ती हौशी लोकांनी स्वतःच्या लेथवर घडवली होती. जर्मनीतील कुर्ट श्रेकलिंग यांनी कार्बन तंतू गुंडाळलेल्या लाकडी चाकाचा कॉम्प्रेसर (हवा दाबून आत ढकलणारा भाग) वापरून असे इंजिन उडवता येते हे दाखवून दिले आणि त्यानंतर आलेले केजे-६६ हे इंजिन युरोपभर शेकडो कार्यशाळांत तयार झाले. आमच्या क्लबातील एका ज्येष्ठ सभासदांनी त्या काळी बनवलेले असेच एक इंजिन अनेक वर्षे पेटीत पडून होते. ते त्यांनी माझ्याकडे सोपवले, तेव्हा चाक बोटाने फिरवले तर अर्ध्या फेऱ्यातच अडकत होते.

या इंजिनात वंगणासाठी वेगळी टाकी नसते. इंधन म्हणून वापरल्या जाणाऱ्या रॉकेलमध्येच सुमारे ५ टक्के टर्बाइन तेल मिसळतात आणि त्या मिश्रणाचा एक छोटा प्रवाह शाफ्टच्या (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) नळीत सोडून दोन्ही बेअरिंगांना पोचवतात. इंजिन वर्षानुवर्षे बंद राहिले की त्यातले रॉकेल उडून जाते आणि मागे उरलेल्या तेलाचा चिकट, तपकिरी थर बेअरिंगच्या गोळ्यांवर आणि त्यांना जागेवर धरणाऱ्या पिंजऱ्यावर बसतो. तो धुऊन काढून तीच बेअरिंगे पुन्हा बसवण्याचा मोह होतो, परंतु तो टाळलाच पाहिजे असे माझे ठाम मत आहे. कॉम्प्रेसरचे ६६ मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला १,१५,००० फेरे घेते, तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ ४०० मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाहूनही अधिक, होतो. त्या वेगात डाग पडलेली बेअरिंग टिकणार नाही. म्हणून सिरॅमिक गोळ्यांची नवी बेअरिंगे घेतली. चाके उतरवण्यापूर्वी शाफ्ट, कॉम्प्रेसर आणि टर्बाइन (तप्त वायूंनी फिरणारे मागचे चाक) यांवर एका रेषेत खुणा केल्या, कारण त्यांचा आपसातील कोन बदलला तर पूर्वी साधलेला समतोल बिघडतो. खुणा जुळवून बसवल्यावरही समतोल नव्याने तपासून घेतला.

सर्वांत जास्त वेळ मात्र इंधनाच्या नळ्यांनी घेतला. ज्वलनकक्षाच्या आत मागच्या बाजूने सहा नळ्या असतात. त्या तापलेल्या नळ्यांत रॉकेलाची वाफ होते आणि प्रत्येकीत इंजेक्शनच्या सुईएवढी बारीक नळी इंधन सोडते. एखादी सुई तुंबली तर बाकीच्यांतून जास्त इंधन जाते, ज्वाला एकीकडे लांबते आणि टर्बाइनच्या अलीकडील स्थिर पाती त्या बाजूला तापून तडकतात. सहाही सुयांना इंधन पुरवणारी कडी बाहेर काढून पंपाला जोडली आणि सहाही धारा ट्रेमध्ये पडताना पाहिल्या. दोन सुयांतून जेमतेम थेंब येत होते. त्या बारीक तारेने आणि अल्ट्रासॉनिक टाकीत साफ केल्या आणि सहाही धारा सारख्या अंतरावर पडू लागेपर्यंत काम सोडले नाही. जुन्या इंजिनात ही एक तपासणी इतर सगळ्यांहून मोलाची आहे.

इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर नवा बसवला. ग्लो प्लगची (विजेने लालभडक होऊन गॅस पेटवणाऱ्या प्लगची) तार किंचित बाहेर ओढून घेतली, म्हणजे ती सुरुवातीच्या गॅसच्या प्रवाहात राहते आणि पेटवणे हुकत नाही.

चालवताना इंजिन घट्ट बांधलेल्या स्टँडवर होते, कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक हाताशी होते (पावडरचे नव्हे, ती आत गेली तर इंजिनच निकामी होते) आणि टर्बाइनच्या चाकाच्या पातळीत कोणालाही उभे राहू दिले नव्हते. स्टार्टरने फिरवत प्रोपेन गॅस सोडला, मऊ धप्प असा आवाज झाला आणि तापमान चढू लागले. ज्वलनकक्ष तापल्यावर हळूहळू रॉकेल सोडले. इथे घाई केली तर न पेटलेले इंधन आत साचते आणि मागून ज्वाळा निघतात. फेरे वाढत गेले, स्टार्टर आपोआप सुटला, गॅस बंद केला आणि इंजिन ३५,००० फेऱ्यांवर स्वतःच्या बळावर स्थिरावले. ज्या हातांनी ते घडवले ते सद्गृहस्थ शेजारीच उभे होते, आणि त्यांना आपले इंजिन पुन्हा ऐकायला मिळाले याचा मला मनापासून आनंद झाला.

बंद करताना स्टार्टरने थंड हवा ओढत राहावे लागते. तसे न केल्यास टर्बाइनची उष्णता शाफ्टमधून मागच्या बेअरिंगकडे सरकते आणि तेथील तेल जळते. बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान १०० अंशांखाली येईपर्यंत मी ते चालू ठेवले. हे इंजिन विमानात बसवणार नाही, कारण टर्बाइनच्या चाकाने किती तास उष्णता सोसली आहे याची नोंद नाही आणि पाती ताणली जाऊन आवरणाला घासू लागण्याचा धोका हवेत पत्करण्यासारखा नाही. स्टँडवर, पूर्ण थ्रॉटलच्या बरेच खाली, ते चालवत राहू. पुढच्या वेळी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पात्यांची टोके आणि आवरण यांतील फट पुन्हा मोजायची आहे.