नीट दिसणाऱ्यांची नेत्रतपासणी

डायबेटिक रेटिनोपॅथी, म्हणजे मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारा आजार, संगणकाने ओळखायचा, हा आमच्या नागपूरच्या महाविद्यालयात अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा आवडता प्रकल्पविषय आहे. त्याला लागणारे साहित्यही जवळचेच आहे. नांदेडच्या एका नेत्रचिकित्सालयात काढलेल्या ५१६ छायाचित्रांचा संच तिथल्याच अभियांत्रिकी संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये जगासाठी खुला केला आणि त्यांपैकी ८१ छायाचित्रांमधील विकृतींच्या हद्दी नेमक्या आखून दिल्या.

असे एक छायाचित्र संगणकावर मोठे करून पाहिले की नारिंगी वर्तुळ दिसते, एका बाजूला मज्जातंतूची फिकट पिवळी चकती, तिच्यातून फुटत गेलेल्या रक्तवाहिन्या आणि मध्येच कुठे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. अतिसूक्ष्म वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होऊन आलेले हे फुगवटे म्हणजे आजाराची पहिली खूण. पुढे वाहिन्यांतून स्निग्ध द्रव्य पाझरून उमटणारे पिवळसर डाग ठळक कडांमुळे सहज ओळखता येतात; पण मूळ छायाचित्र ४२८८ बाय २८४८ बिंदूंचे असते आणि प्रकल्प लवकर उरकावा म्हणून विद्यार्थी ते लहान करतात, तेव्हा सर्वांत आधी हे लाल ठिपकेच पुसले जातात. त्यामुळे अहवालात अचूकतेचा आकडा कितीही घसघशीत असला, तरी चित्र किती लहान केले, हा माझा पहिला प्रश्न असतो. (त्यावर वर्गात पसरणारी शांतता मला आता सवयीची झाली आहे.)

मोठ्या प्रमाणावर हे काम होऊ शकते, याबद्दल मात्र आता शंका उरलेली नाही. गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये १,२८,१७५ छायाचित्रांवर शिकवलेली प्रणाली प्रसिद्ध केली. त्यांतील काही छायाचित्रे भारतीय नेत्ररुग्णालयांतील होती. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, नेत्रतज्ज्ञाने छायाचित्र न पाहता स्वतःच निर्णय देणाऱ्या पहिल्या यंत्रणेला परवानगी दिली. ९०० रुग्णांवरील चाचणीत तिची संवेदनक्षमता, म्हणजे आजार असलेल्यांपैकी बरोबर ओळखलेल्यांचे प्रमाण, सुमारे ८७ टक्के आणि विशिष्टता, म्हणजे आजार नसलेल्यांपैकी बरोबर वगळलेल्यांचे प्रमाण, सुमारे ९१ टक्के होती. ही यंत्रणा एवढेच सांगते की रेटिनोपॅथीसाठी तज्ज्ञाला दाखवा किंवा वर्षभराने पुन्हा तपासा. काचबिंदू ती शोधत नाही, हे तिच्या निर्वाळ्यावर निर्धास्त होणाऱ्याने लक्षात ठेवलेले बरे. थायलंडच्या दवाखान्यांत गूगलची प्रणाली वापरून पाहिली तेव्हा सुमारे एकपंचमांश छायाचित्रे निकषांना न उतरल्याने तिने नाकारली, आणि त्याला अपुरा अंधार हे एक मोठे कारण होते.

हीच अडचण मी दक्षिण नागपुरातील एका गणेश मंडळाच्या शिबिरात पाहिली. मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्यापुढे अंधार व्हावा म्हणून मुलांनी मंडपाच्या एका कोपऱ्यात काळे कापड ताणले होते. तरी एका काकूंचे छायाचित्र तीनदा घेऊनही धूसरच आले, कारण त्यांच्या डोळ्यात पिकत आलेला मोतीबिंदू होता. यंत्राने निर्णय देण्यास नकार दिला आणि काकूंना सरळ नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे लागले, जे योग्यच होते.

खरा पेच मात्र कॅमेऱ्याच्या अलीकडचा आहे. ‘मोफत नेत्रतपासणी’ असा फलक लावला की चष्म्याचा नंबर वाढलेले आणि मोतीबिंदूचे रुग्ण येतात. ज्याला नीट दिसते तो कशाला येईल? आणि हा आजार तर नेमका नीट दिसत असतानाच वाढतो. पडद्यात रक्तस्राव होऊन नजरेसमोर जाळे तरंगू लागेपर्यंत रुग्णाला सहसा काहीच जाणवत नाही. लेसर आणि डोळ्यातील इंजेक्शने पुढचे नुकसान बऱ्याच अंशी थोपवतात, पण गेलेली दृष्टी पूर्ण परत येईलच असे नसते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत; त्या सर्वांनी नेत्रतज्ज्ञांकडे दरवर्षी रांग लावायची म्हटले, तर आमच्या नागपुरातील मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांची बाह्यरुग्ण दालने कुठवर पुरणार?

मंडळाच्या मुलांना हे समजावून सांगितल्यावर त्यांनी माझा शुद्ध मराठीतला मजकूर बाजूला ठेवला आणि आरतीच्या वेळा कळवण्यासाठी असलेल्या व्हॉट्सॲप गटावर स्वतःचा संदेश टाकला: ‘शुगर आहे ना? मग दिसत असलं तरी या.’ एकाने आपल्या वडिलांच्या पडद्याचे छायाचित्र, त्यांना विचारून, इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर लावले. दुसऱ्या दिवशी आलेल्यांत आपल्याला काही त्रास नाही असे सांगणारेच अधिक होते. ‘पोराने पाठवले म्हणून आलो’ असे म्हणत ते खुर्चीवर बसत. देवाच्या कार्यक्रमासाठी जमणारी तरुण मुले दिवसभर मोबाइलमध्येच असतात, अशी तक्रार करणारे ज्येष्ठही त्यांच्यात होते, हे नमूद करायला मला विशेष आनंद होतो.

एक त्रुटी राहिली. ज्यांना तज्ज्ञाकडे जाण्यास सांगितले, त्यांपैकी किती जण प्रत्यक्ष गेले याची नोंद कुणीच ठेवली नव्हती. यंदा प्रत्येक रुग्णामागे एक मुलगा ठरवून द्यायचा आणि त्याने तज्ज्ञाची चिठ्ठी मिळेपर्यंत त्या घरी विचारणा करत राहायची, असे ठरले आहे. शिवाय कॅमेरा मंडपात न ठेवता, सकाळी उपाशीपोटी शुगर तपासायला लोक जिथे रांगेत बसतात त्या पॅथॉलॉजी लॅबमध्येच आठवड्यातून एकदा न्यावा, असे माझे म्हणणे आहे. लॅबच्या मालकांशी बोलणी सुरू आहेत.