सातव्या पानावरचा रकाना

आमच्या छोट्या संस्थेच्या तीन वर्षांच्या अनुदानाचा शेवटचा हप्ता एका अहवालावर अडला होता आणि तो अहवाल एका रकान्यावर. बाकीची पाने आम्ही दोन संध्याकाळी बसून भरली. सातव्या पानावर मात्र 'संस्थेच्या कामामुळे लाभार्थ्यांमध्ये झालेला बदल (टक्के)' असा रकाना होता. तो रिकामा ठेवला तर पुढचे पान उघडत नव्हते आणि शब्द लिहिले तर खाली लाल अक्षरांत 'केवळ अंक' असे उमटत होते.

आम्ही वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी वर्ग चालवतो. किती वर्ग झाले आणि किती मुले आली, हे आऊटपुट. मुले वाचू लागली का, हे आऊटकम. आणि त्यातून त्यांच्या आयुष्यात काही टिकाऊ फरक पडला का, व तो आमच्याविना पडलाच नसता का, हा इम्पॅक्ट. ही उतरंड मला पाठ होती. ही उतरंड एका पानावर मांडणारा लॉगफ्रेमचा तक्ता 1969 च्या सुमारास परदेशांना विकासमदत देणाऱ्या अमेरिकेच्या यूएसएड या सरकारी संस्थेसाठी तयार झाला, हेसुद्धा मी नव्या सहकाऱ्यांना मोठ्या ऐटीत सांगत असे. तरीही त्या रकान्यापुढे माझे हात थांबले, कारण पहिल्या वर्षी वर्ग सुरू करण्याच्या घाईत आम्ही मुलांची वाचनपातळी नोंदवलीच नव्हती. बेसलाइनच नाही, तर टक्के काढायचे कशाचे?

पहिल्या खेपेस आम्ही हजेरीची टक्केवारी लिहिली. 'हा परिणाम नव्हे' असा शेरा मारून अहवाल परत आला, आणि शेरा बरोबर असल्यामुळे मला अधिकच राग आला. दुसऱ्या खेपेस पालकांचे अभिप्राय आणि दोन पानांचे स्पष्टीकरण जोडले, तर 'परिणाम संख्येत द्यावा' एवढेच उत्तर आले. देणगीदारांना फोन केला, तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी अत्यंत नम्रपणे सांगितले, "मॅडम, इतर संस्था भरतात, तुम्हीही भरा." त्या संस्था नेमके काय भरतात, हे विचारायचे धैर्य मला झाले नाही. तिसऱ्या खेपेस अखेरच्या चाचणीत सलग उतारा वाचू शकलेल्या मुलांची टक्केवारी दिली. त्यावर प्रश्न आला की यांतील किती मुले वर्गाशिवायही वाचू लागली असती.

प्रश्न अगदी रास्त होता. सामाजिक परतावा मोजण्याच्या एसआरओआय पद्धतीत, आपल्याविनाही झालाच असता अशा बदलाच्या भागाला 'डेडवेट' म्हणतात आणि तो वजा केल्याशिवाय श्रेय घेता येत नाही. मूल वर्षभरात मोठे होते, शाळेतही शिकते. पण याचे उत्तर देण्यासाठी वर्गात न आलेल्या मुलांचा तुलनेचा गट लागतो, त्याचा विचार पहिल्या दिवशीच करावा लागतो आणि त्याला पैसे लागतात. आमच्या मूळ अंदाजपत्रकातील मूल्यमापनाची ओळ याच देणगीदारांनी 'प्रशासकीय खर्च' म्हणून खोडली होती. ते पत्र मी फाईलमधून काढून टेबलावर ठेवले आणि अर्धा तास नुसती त्याच्याकडे पाहत बसले.

सुटका अनपेक्षित ठिकाणाहून झाली. तिसऱ्या वर्षी जागा नसल्यामुळे काही मुले प्रतीक्षायादीत होती आणि एका शिक्षिकेने स्वतःच्या हौसेने, वर्गात घेतलेल्या मुलांबरोबर त्यांचीही चाचणी सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी घेतली होती. दोन्ही गटांच्या प्रगतीतील फरक आम्ही रकान्यात लिहिला. गट किती लहान होता आणि मुले चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, हेही सोबत स्पष्ट नोंदवले. ही कबुली दडपू नये. आमचा अहवाल तिच्यामुळेच पुढे सरकला, असे मला वाटते.

आधीच सांगायला हवे होते ते आता आठवले: लाभार्थी मोजण्यापूर्वी 'एक लाभार्थी' म्हणजे कोण, हे ठरवून घ्यावे. आमच्या तीन नोंदवह्यांत एकच मुलगी तीनदा होती. एकीत आडनाव आधी, दुसरीत नाव आधी आणि तिसरीत फक्त घरी हाक मारायचे नाव. वर्ग, वाचनालय आणि सुट्टीतले शिबिर यांची बेरीज करताना आम्ही तिला तीन मुली धरले होते.

दुसरे असे की निकालाच्या आकड्यावर शिक्षकांचे कौतुक करू नये. आकड्याला फार महत्त्व आले की तो आकडाच बिघडतो, असे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1970 च्या दशकात मांडले होते. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी त्याचा प्रत्यय आला. आधीच थोडेफार वाचता येणारी मुले वर्गात दिसू लागली आणि ज्यांच्यासाठी वर्ग काढले, ती मागे राहिली.

चौथ्या खेपेचा अहवाल कोणत्याही शेऱ्याविना मंजूर झाला आणि हप्ता जमा झाला. नव्या प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात मी मूल्यमापनाची ओळ पुन्हा घातली आहे आणि खोडलेल्या ओळीचे ते जुने पत्र सोबत जोडले आहे.