नंबरप्लेटवरचं शेवटचं अक्षर

डब्याच्या झाकणावर निळ्या पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: ‘गाड्या, 1961?’ जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, कार्ब्युरेटर आणि हबकॅपच्या ढिगाखाली तो डबा सापडला होता. आणणाऱ्या गृहस्थांना दोनच गोष्टी हव्या होत्या: आत काय आहे, आणि ते कुठल्या साली चित्रित झालं. इंग्लंडमधल्या आमच्या फिल्म स्कॅनिंगच्या कामात पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं असतं. दुसऱ्यासाठी पूर्ण दिवस गेला, आणि तो एका अक्षरापाशी अडला.

झाकण काढताच व्हिनेगरचा वास आला. अ‍ॅसिटेटची फिल्म कुजू लागली की तिच्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल कुजणं आणखी वाढवतं. म्हणून असा डबा घट्ट बंद ठेवणं सगळ्यात वाईट. आदल्या दिवशी आत आम्ल दाखवणारी निळी चाचणीपट्टी टाकून ठेवली होती. चोवीस तासांत ती पिवळसर हिरवी झाली. म्हणजे कुजण्याची दुसरी पायरी. तिसऱ्या पायरीला फिल्म ठिसूळ होऊन वेडीवाकडी होते, त्यामुळे आता थांबण्यात अर्थ नव्हता.

रीळ हाताने, सावकाश, टेबलावर उलगडलं. यंत्रावर कधीच आधी चढवायचं नाही. 16 मिमीच्या प्रिंटवर कडेच्या शंभर भोकांचं अंतर 762 मिमी असायला हवं. इथे 753 भरलं. आकुंचन जवळपास 1.2 टक्के. एक टक्क्याच्या वर गेलेली फिल्म दात्यांच्या प्रोजेक्टरवर चढवली, तर दाते भोकं फाडत जातात. ‘एकदा भिंतीवर लावून बघू’ या हौसेने अशी कितीतरी रिळं संपली आहेत. म्हणून दाते नसलेला, रोलरवर फिल्म ओढणारा स्कॅनर. त्याआधी सुटलेले जोड नव्याने चिकटवले, फाटलेल्या भोकांवर भोकांचीच पारदर्शक टेप लावली. पाठीवर उभे ओरखडे भरपूर होते, म्हणून ओल्या गेटमधून स्कॅन केलं: फिल्मच्या प्लास्टिकइतकाच प्रकाश वाकवणारा द्रव ओरखड्यात भरतो आणि ओरखडा दिसेनासा होतो. प्रतिमेच्या थरावरचे खोल ओरखडे मात्र राहतात. तिथली प्रतिमाच खरवडली गेलेली असते.

लांबी 950 फूट. 16 मिमीच्या एका फुटात 40 चौकटी (फ्रेम). ब्रिटिश टीव्हीच्या 25 चौकटींच्या वेगाने ही 25 मिनिटं 20 सेकंद होतात. वेग 25 की 24, याचा पुरावा आवाजातच मिळाला. एका गॅरेजमधल्या दृश्यामागे विजेची गुणगुण होती. 25 ला चालवल्यावर ती बरोबर 50 हर्ट्झवर बसली, 24 ला 48 वर. मधोमध ‘पहिला भाग समाप्त’ अशी पाटी होती. जाहिरातींसाठी थांबणारा कार्यक्रम, म्हणजे बीबीसीचा नाही, आयटीव्ही या ब्रिटनच्या खासगी टीव्ही जाळ्यातल्या कुठल्यातरी कंपनीचा. शीर्षक आणि शेवटची नावं दोन्ही कापलेली. अशा रिळांचं हे नेहमीचं दुखणं: टोकं आधी झिजतात, आणि ओळख टोकांवरच असते.

मग साल ठरवायला उरल्या गाड्या. विषय सेकंडहँड गाडी कशी पारखावी हा: निवेदक दारांखालच्या पट्ट्यात स्क्रूड्रायव्हर खुपसून गंज दाखवतो, डिपस्टिक पुसून तेल दाखवतो. रस्त्यावर मॉरिस मायनर होत्या, पुढची काच एकसंध, म्हणजे 1956 नंतरच्या. दारामागच्या खांबातून बाहेर येणारे दिशादर्शक हात नव्हते, लुकलुकणारे दिवे होते. मायनरवर हा बदल 1961 चा. हिलमन इम्प दिसली, ती मे 1963 च्या आधी नव्हतीच. डब्यावरचं 1961 तिथेच बाद झालं. एक मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री समोरून येते. मराठी डोळ्याला ती सरळ अँबेसिडर दिसते, कारण अँबेसिडर त्याच साच्यातून निघाली. पण साल ठरवायला ती निरुपयोगी. जुनी गाडी कितीही वर्षं रस्त्यावर असू शकते. चित्रीकरण अमुक दिवसानंतरचं, एवढंच गाडी सांगते, आणि ते सांगायला चौकटीतली सगळ्यात नवी गाडी शोधावी लागते.

सगळ्यात नवी गाडी सिग्नलला थांबलेली एक मिनी होती, पाठीमागून. मागची काच मोठी, शेपटीचे दिवे चौकोनी: म्हणजे मार्क टू, मिनीची दुसरी आवृत्ती, ऑक्टोबर 1967 मध्ये आलेली. आणि नंबरप्लेटचं शेवटचं अक्षर स्पष्ट ‘ई’ (E).

हे जुळत नव्हतं. ब्रिटिश नंबरप्लेटवर वर्ष दाखवणारं शेवटचं अक्षर 1963 पासून आलं. ‘डी’ 1966 चं. त्यानंतर वर्षाची सुरुवात जानेवारीवरून ऑगस्टवर नेली, त्यामुळे ‘ई’ फक्त जानेवारी ते जुलै 1967 या सात महिन्यांचं, आणि 1 ऑगस्टपासून ‘एफ’. जी गाडी ऑक्टोबरमध्ये बाजारात आली तिला जुलैच्या आतलं अक्षर कसं? जुना नंबर नव्या गाडीवर घेण्याची सोय होती, पण साध्या मिनीसाठी तो खटाटोप कोण करेल?

मिनी थांबलेली होती, हे आमचं नशीब. सलग 25 चौकटी घेतल्या, नंबरप्लेटच्या चार कोपऱ्यांवर एकमेकींवर बसवल्या आणि सरासरी काढली. फिल्मचे कण प्रत्येक चौकटीत वेगळ्या जागी असतात आणि पाटी त्याच जागी. 25 चौकटींत कणांचा गोंगाट पाचव्या हिश्शावर येतो. चौकटी तीक्ष्ण करणारं सॉफ्टवेअर इथे मुद्दाम वापरलं नाही. ते नसलेल्या रेघा काढून देतं, आणि आमचा वाद एका रेघेचाच होता.

सरासरीत अक्षराच्या तळाशी एक बारीक काळी फट दिसली. ‘ई’ची खालची रेघ अक्षराची नव्हतीच. काळ्या पाटीची चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची कड त्या कोपऱ्यात दाबली जाऊन वर वाकली होती आणि अक्षराच्या पायाला टेकल्यासारखी दिसत होती. अक्षर ‘एफ’ होतं.

फिल्मच्या कडेवरची खूण मग पाहिली. कोडॅक फिल्मच्या कडेला वर्षानुसार वर्तुळ, चौकोन, त्रिकोण छापत असे, पण तीच चिन्हं वीस वर्षांनी परत येत. स्कॅन करताना चौकटीबाहेरची कडही घ्यावी, ती यासाठी. मूळ निगेटिव्हवरून छापून आलेली खूण 1947 किंवा 1967 ची. गाड्यांनी पहिलं रद्द केलं. प्रिंटच्या स्वतःच्या फिल्मची खूण पुढच्या वर्षाची निघाली. दुसऱ्या भागात एका विक्रेत्याच्या अंगणात डझनभर नव्या गाड्या उभ्या आहेत, आणि त्यांतही ‘एफ’च्या पुढचं ‘जी’ कुठे नाही. ‘जी’ ऑगस्ट 1968 पासून सुरू झालं. न दिसणं हा पक्का पुरावा नव्हे, पण नव्या गाड्यांच्या अंगणात त्याला वजन आहे.

एका अक्षराने एवढं काय बिघडलं असतं, असं कुणी विचारेल. जुलै 1968 च्या अखेरीस आयटीव्हीच्या कंपन्यांची फेरवाटणी झाली. लंडनची रिडिफ्यूजन बंद झाली, थेम्स आणि यॉर्कशायर सुरू झाल्या. कार्यक्रम कुणाचा, हे आता टीव्ही टाइम्स या आयटीव्हीचे कार्यक्रम छापणाऱ्या साप्ताहिकाच्या प्रादेशिक आवृत्त्यांमधून शोधायचं आहे. ‘ई’वर विसंबून 1967 च्या वसंतातले अंक चाळले असते, तर तो तिथे मिळालाच नसता.

आवाजाची एक दुरुस्ती उरली होती. 16 मिमीवर प्रकाशीय आवाज, म्हणजे फिल्मच्या कडेला छापलेली आवाजाची पट्टी, चित्राच्या 26 चौकटी पुढे असते, त्यामुळे जोडापाशी चित्र उडी मारतं आणि आवाज साधारण एका सेकंदानंतर. दोन्ही उड्या ‘नीट’ करण्याच्या नादात लोक ओठ आणि शब्द कायमचे चुकवतात. आम्ही गेलेल्या चौकटींएवढी काळी जागा भरली आणि आवाज जिथे होता तिथेच ठेवला.

रीळ आता हवेशीर प्लास्टिकच्या डब्यात, इतर रिळांपासून दूर, थंड खोलीत आहे. लेबलवर लिहिलं: ‘ऑक्टोबर 1967 नंतर, बहुधा ऑगस्ट 1968 पूर्वी’. जुनं पत्र्याचं झाकण गृहस्थांना वेगळ्या कागदात गुंडाळून परत दिलं. त्याच निळ्या पेन्सिलीने लिहिलेला दुसरा डबा कुठे निघाला, तर अक्षर जुळवून बघता येईल.