द. वा. कु.

परवा मावशी गावच्या यात्रेला गेल्या आणि भांडी माझ्याकडे आली. बायकोचं ऑफिस, माझं घरून काम, त्यामुळे निवाडा आपोआप झाला. दुपारचं जेवण उरकून ओट्याशी उभा होतो. हातात आमटीची वाटी. साधीच, बुडाला जरा फुगलेली, ओट्यावर ठेवली की अर्धी गिरकी घेऊन मग स्थिर होणारी. वर्षानुवर्षं हिच्यातून आमटी ओरपतोय. साबण धुऊन निघाला, वाटी उपडी झाली आणि कडेला ठिपक्याठिपक्यांची अक्षरं दिसली. द. वा. कु.

आमच्या घरात द नाही, वा नाही आणि कु तर मुळीच नाही.

ताईला फोन लावला. दुपारी झोपलेल्या माणसाला उठवून ‘द. वा. कु. कोण गं?’ असं विचारू नये, हे मला अंमळ उशिराच सुचलं. ‘असतील कुणीतरी कुलकर्णी,’ ती म्हणाली. कुठले कुलकर्णी? ‘साताऱ्यात दगड मारला तर कुलकर्ण्यालाच लागतो. मला काय विचारतोस?’ आणि फोन ठेवला. खरं तर तो दगड कुंट्यांनाही लागू शकतो, कुंभारांनाही, कुडाळकरांनाही. पण ताईशी दुपारी वाद घालत नाहीत.

वाटी साताऱ्याचीच असणार, एवढं मात्र नक्की. आमचा वाडा यादोगोपाळ पेठेत. पाच बिऱ्हाडं, एक नळ, आणि वाटण्याघाटण्याला पाच पाटे असूनही सगळ्यांना आवडायचा तो एकच, मागच्या खोलीतल्या काकूंचा. तिथं भांडी घरात राहत नसत, ती फिरतीवर असत. आमच्याकडे अळूवड्या झाल्या की चार वाट्या चार दिशांना जायच्या. इथवर सोपं होतं. अवघड होतं ते परत येणं. कारण भांडं रिकामं परत करायचं नाही. काहीच नसेल तर चिमूटभर साखर घाला, पण रिकामं नको. आता साखर घालून वाटी परत देणं म्हणजे ‘आमच्याकडे सध्या काही होत नाही’ असं जाहीर करण्यासारखं. मग काकू म्हणायच्या, राहू दे, रविवारी साटोऱ्या करणार आहे तेव्हा देऊ. रविवारी पाहुणे यायचे. साटोऱ्या गौरींवर जायच्या, गौरींवरून दिवाळीवर. तोवर ती वाटी काकूंच्या फडताळात इतर वाट्यांत मिसळून गेलेली. भांडी चोरीला कुणाच्याच जात नव्हती. रीत सांभाळण्यातच ती हरवायची.

म्हणून नाव.

नवं भांडं घेतलं की नाव घालून घ्यायचं, हे चपलेला टाच असावी इतकं उघड होतं. मोती चौकाच्या अलीकडे आमचं ठरलेलं दुकान होतं. दाराशीच स्टुलावर एक गृहस्थ बसायचे, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, हातात पेनासारखं यंत्र आणि त्या यंत्राची वायर मागं कुठंतरी अंधारात गेलेली. भांडं मांडीवर आडवं धरायचं, डाव्या हाताचा अंगठा आत, आणि यंत्राचं टोक पत्र्याला लावलं की घर्रर्र असा आवाज दातांत शिरायचा. मी कान झाकून बघत राहायचो. टोक इतकं भराभर खालीवर व्हायचं की रेघ ओढल्यासारखी वाटे, पण भांडं डोळ्याजवळ नेलं की कळायचं, सगळे ठिपके आहेत. शिरोरेघ ते शेवटी मारायचे, एका दमात. त्या आधी, म्हणजे आजीच्या काळात, हेच काम छिन्नी आणि हातोडीनं व्हायचं. आजीच्या घागरीवरची अक्षरं बोटाला लागत. अंधारातही वाचता आली असती.

दुकानातून घेतलेल्या भांड्याला नाव फुकट. बाहेरून आणलेल्याला अक्षरामागे पैसे. या एका नियमानं आमच्याकडच्या किती माणसांची आद्याक्षरं झाली, देव जाणे. आजोबांचं पूर्ण नाव मला त्यांच्या दहाव्याच्या पत्रिकेत पहिल्यांदा नीट कळलं. तोवर ते तीन अक्षरं आणि तीन टिंबं होते. द. वा. कु. हाही असाच कुठलातरी काटकसरी संसार. आडनाव पूर्ण घातलं असतं तर चार पैसे जास्त गेले असते, पण माझी दुपार वाचली असती.

आहेराच्या भांड्यांचा थाट वेगळा. तिथं काटकसर देणाऱ्याच्या बाजूनं नसे. ‘चि. सौ. कां. हिस लग्नप्रीत्यर्थ सप्रेम भेट’ हे बारीक, आणि खाली देणाऱ्याचं नाव ठसठशीत, गावासकट. आमच्याकडे एक परात आहे, तिच्यावर ‘सप्रम भेट’ आहे. मात्रा राहिली. मामांना त्याचं आयुष्यभर वाईट वाटलं. दरवेळी घरी आले की परात पुढं आली रे आली, की म्हणायचे, घाई होती हो, गाडीची वेळ झालेली. आईबाबांचं लग्न १९७३ च्या मे महिन्यातलं, म्हणजे ऐन दुष्काळातलं. मिलो, म्हणजे रेशनवरची परदेशी ज्वारी, खाऊन दिवस काढलेले लोक लग्नाला आलेले. त्या साली आलेली भांडी उचलली की कळतात. पत्रा पातळ आहे, चमचा आपटला की वेगळा वाजतो. पण नाव मात्र प्रत्येकावर आहे.

दिलं ते कोरून ठेवायचं, ही खोड काही आजची नाही म्हणा. जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहनांचं लेणं आहे, त्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा लेख आहे. ब्राह्मी लिपीत, दोन हजार वर्षांपूर्वीचा. कॉलेजात असताना ट्रेकला गेलो होतो, तेव्हा सरांनी तो समजावून सांगितला. अमुक यज्ञ केला, तमुक यज्ञ केला, दक्षिणा इतक्या गाई, इतके घोडे, इतकी कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी. सगळं आकड्यांसकट. मला तिथं उभ्या उभ्या आमची आहेराची वही आठवली. फक्त आमच्या वहीत गाईंच्या जागी ‘स्टील डबा मध्यम (१)’ असायचं. घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात तो. मी सवयीनं त्याच्याभोवती एक फेरी मारून घेतली. नाव कुठं दिसलं नाही.

ही सवय मात्र खरी आहे आणि ती चांगली नाही. कुणाकडेही जेवायला गेलो की ताटाची कड मी आधी वाचतो. बायको डोळे वटारते. पण वाचल्याशिवाय मला घास जात नाही. कार्यालयातल्या ताटांवर कार्यालयाची अक्षरं असतात, ती मी मोजत नाही, ती सरकारी. घरातल्या ताटांत मजा असते. एका स्नेह्यांकडे पाण्याचा तांब्या पुढं आला, त्यावर त्यांच्या पहिल्या, मोडलेल्या लग्नाची तारीख होती. ते दुसऱ्या बायकोसमोर त्यातूनच पाणी ओतत होते. तिला माहीत असणार. तांब्या चांगला होता, सव्वा लिटरचा, धार न सांडणारा. भांडं कशाला टाकायचं?

बोहारणीच्या भांड्यांवर मात्र आमच्याकडे नाव नसे. बोहारीण यायची ती दुपारी, पुरुषमाणसं नसताना. डोक्यावर टोपली, काखेत गाठोडं. आधी लहान पातेलं पुढं करायची आणि मोठं गाठोड्याआड ठेवायची, पण त्याची कड दिसेल असं. आई तीन पँटी आणि एक साडी टाकायची. बोहारीण साडी उजेडाकडे धरून बघायची, जरीवर नख घासायची, आणि तोंडानं च्च् करायची. ‘अजून एक पँट टाका ताई.’ मग बाबांची अजून एक पँट जायची, जी ते संध्याकाळी शोधत बसायचे. तासभर चाललेला हा व्यवहार मी उंबऱ्यावर बसून बघितलेला आहे आणि त्यानंतर मला पगाराच्या वाटाघाटी कधीच अवघड वाटल्या नाहीत. हे पातेलं नाव घालायला न्यायचं म्हटलं की आजी आडवी यायची. ‘जुन्या पँटींचं भांडं ते. त्यावर घराण्याचं नाव घालता?’ त्यामुळे झालं असं की नाव नसलेली, म्हणजे कुणीही उचलावीत अशी, ती भांडी अजून आमच्याकडे शाबूत आहेत. नावाची निम्मी गेली.

स्टीलच्या नावाचं एक बरं असतं. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं, निदान साडेदहा टक्के तरी, आणि ते हवेतला ऑक्सिजन धरून पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा तयार करतं. ओरखडा उठला की तिथं नवा पापुद्रा धरतो. त्यामुळे एवढे ठिपके पाडूनही गंज चढत नाही, आणि चाळीस वर्षांनंतर द. वा. कु. तसेच्या तसे हजर. पितळेचं तसं नाही. पितळ चिंचेनं आणि राखेनं घासायचं, दर घासण्याला त्याचं कणभर अंग जायचं. घासून घासून लख्ख करायचं म्हणजेच नाव पुसत न्यायचं.

आता नाव घालायला कुणी जात नाही. मुलगी होस्टेलला निघाली तेव्हा तिच्या डब्यावर नाव घालावं म्हणून मी पेठेत चार दुकानं फिरलो. तिसऱ्या दुकानात यंत्र होतं, पण चालवणारा मुलगा जेवायला गेलेला. तो आला, त्यानं फोनवर मुलीचं नाव टाइप करून दाखवायला सांगितलं, आणि घातलं. सुबक घातलं. मुलगी म्हणाली, ‘बाबा, असं कुणी करतं का?’ पहिल्या सुट्टीला आली तेव्हा डबा होस्टेलवरच राहिला होता. कुणाकडे आहे, तिला ठाऊक नाही. वर नाव आहे ना, मी म्हणालो. तर म्हणाली, नाव आहे म्हणूनच तर तो चिडवायला नेलाय. सध्या शेजारपाजारचं काही आलं तर ते हॉटेलच्या काळ्या प्लास्टिकच्या डब्यात येतं आणि ‘परत नको हां’ असं दारातच सांगून जातं. सोय आहे. साखरेची चिमूटही वाचते.

आई गेल्याला सहा वर्षं झाली. वर्षश्राद्धानंतर आम्ही तिघं भावंडं वाड्यात बसलो आणि भांडी वाटून घेतली. भांडणाला जागाच नव्हती, कारण जे ते भांड्यावरच लिहिलेलं. ताईच्या बारशाचा वाडगा ताईला. दादाच्या मुंजीतलं तामण दादाला. माझ्या वाटणीला परात आली, सप्रमवाली. शेवटी उरलं एक पितळी फुलपात्र. हे तांदूळ मापायचं. माणशी एक फुलपात्र, असा आमचा हिशोब. आम्ही तिघंही त्याच्यावर वाढलो, आणि त्याच्यावर काही लिहिलेलं असेल हे तिघांच्याही मनात कधी आलं नव्हतं. दादा ते खिडकीशी घेऊन गेला, तिरकं धरलं, आणि म्हणाला, यावर काहीतरी आहे रे.

होतं. झिजून गेलेलं. ‘कु.’ एवढं स्पष्ट. आणि मी आता सांगतोय म्हणून हसू येईल, पण क्षणभर आम्हाला तेही कुणाचं तरी आडनावच वाटलं. मग पुढची अक्षरं लागत गेली. आईचं नाव. पण आमच्या आईचं नव्हे, तिचं माहेरचं. लग्नात ताटात तांदूळ पसरून बाबांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं, त्या आधीचं. मग ते तांदूळ कुणीतरी गोळा केले असतील, शिजवलेही असतील, पण ते नवं नाव पुढं रेशनकार्डावर, पासबुकावर, आमच्या शाळेच्या दाखल्यांवर, सगळीकडे चढलं. जुनं नाव मामासुद्धा घेत नसत. ते ताई, ताई करायचे. ते नाव मी इथं लिहीत नाही. तिला आवडलं असतं की नाही, माहीत नाही.

नावाखाली ‘इ. ६ वी’ होतं. त्याखालची ओळ सगळ्यात जास्त घासली गेलेली, कारण बोटं तिथंच यायची. ताईनं त्यावर ओला खडू चोळला, मग फडक्यानं पुसलं, तेव्हा खाचांत पांढरं राहिलं आणि वाचता आलं. ‘धावणे. प्रथम.’

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. आईला आम्ही घाईत चालतानाही पाहिलं नव्हतं. एसटी सुटायला आली तरी ती म्हणायची, जाऊ दे, दुसरी येईल. फुलपात्र माझ्याकडे आहे. तांदूळ अजून त्यानंच मापतो. मामा असते तर त्यांना विचारलं असतं. किती मीटर, ते त्याच्यावर लिहिलेलं नाही.